रिकव्हरी नंबर कुणाचा?

नवा फोन डब्यातून निघतो, सुरू होतो, भाषा विचारतो, वाय-फाय विचारतो, ईमेल विचारतो. इथवर तो जिचा आहे तिच्याच हातात असतो. मग एक चौकट येते: रिकव्हरीसाठी मोबाइल नंबर द्या. ती क्षणभर थांबते, कारण हा नंबर नेमका कशाला हवा हे पडद्यावर धड सांगितलेलं नसतं. त्या थांबण्यावर शेजारून वाक्य येतं, "दे इकडे, मी करून देतो." दहा मिनिटांत फोन तयार होऊन परत येतो. सगळी अ‍ॅप जागच्या जागी, वॉलपेपरसुद्धा छान. रिकव्हरी नंबर मात्र करून देणाऱ्याचा.

यात कुणाचा कावा असतोच असं नाही. बहुतेक वेळा माया असते आणि थोडी घाई. पण त्या एका चौकटीनं पुढची कितीतरी वर्षं ठरून जातात. पासवर्ड विसरला की कोड दुसऱ्याच्या फोनवर येणार. तो दुसरा मीटिंगमध्ये असेल, प्रवासात असेल, किंवा नात्यातच काही बिनसलं असेल, तर आपल्याच खात्याच्या दाराशी ताटकळत उभं राहायचं.

बायका आणि पुरुष तंत्रज्ञान कसं वेगळं वापरतात हा विषय निघाला की गाडी लगेच आकड्यांकडे वळते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातले ७० टक्के पुरुष इंटरनेट वापरतात आणि ६५ टक्के स्त्रिया. म्हणजे वापरणाऱ्यांत पुरुष सुमारे १८.९ कोटींनी जास्त. ही दरी खरी आहे, पण ती जोडणीची झाली. जोडणी मिळाल्यावर, एकाच घरात, एकाच वाय-फायवर, अगदी एकाच कंपनीचे दोन फोन असतानाही जो फरक उरतो तो या आकड्यांत कुठे सापडत नाही. तो अशा चौकटींमध्ये असतो.

आधी कौशल्याचं पाहू. एस्टर हारगिताई आणि स्टीव्हन शेफर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना प्रत्यक्ष कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि ऑनलाइन शोधायची कामं दिली. स्त्री-पुरुषांच्या प्रत्यक्ष कामगिरीत फारसा फरक निघाला नाही. स्वतःला किती जमतं असं विचारल्यावर मात्र बायकांनी स्वतःला कमी गुण दिले. म्हणजे "तुम्हाला हे जमतं का?" असा प्रश्न टाकून केलेल्या पाहणीत कौशल्यापेक्षा आत्मविश्वासच जास्त मोजला जातो. घरातसुद्धा आपण हीच पाहणी रोज घेत असतो. "मला नाही बाई कळत त्यातलं" हे उत्तर आलं की ते प्रमाण मानून मोकळे होतो.

हा आत्मविश्वास वापरात कसा उतरतो, याचा बारकाईनं माग ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मार्गारेट बर्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला, तोही स्प्रेडशीटसारख्या रुक्ष गोष्टीत. सूत्रातली चूक शोधायची, त्यासाठी एक नवी सोय दिलेली. ज्या बायकांना स्वतःबद्दल खात्री कमी होती त्या ती सोय वापरायला बिचकल्या. शिकायला अवघड गेली म्हणून नव्हे. समजली होती, तरी हात गेला नाही. पुरुष जास्त खुडबुड करायचे, पण त्यातली बरीच खुडबुड न थांबता, न बघता चाललेली असायची, आणि तिचा उपयोग व्हायचाच असं नाही. बायका कमी खुडबुड करायच्या; पण करायच्या तेव्हा मध्ये थांबून काय झालं ते बघायच्या, आणि ते थांबणं कामी यायचं.

या संशोधनातला मला सर्वांत आवडतो तो तपशील अगदी बारका आहे. त्या स्प्रेडशीटमध्ये उत्तर तपासून बरोबर किंवा चूक अशी खूण करायची होती. खात्री कमी असलेला माणूस अशी ठाम खूण करायलाच कचरतो. मग संशोधकांनी मधले दोन पर्याय घातले: 'बरोबर असावं' आणि 'चूक असावं'. खूण थोडी फिकट, एवढंच. यासोबत आणखी थोडे बदल केले, आणि सोय वापरण्यातली स्त्री-पुरुषांमधली दरी कमी झाली. बायकांना वेगळा वर्ग नाही, प्रोत्साहनाचं भाषण नाही. 'नक्की नाही, पण वाटतंय' असं म्हणायला पडद्यावर जागा मिळाली.

या कामातून जेंडरमॅग नावाची एक तपासणी-पद्धत निघाली. ती सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पाच गोष्टी विचारते: माणूस हे कशासाठी वापरतो, माहिती एकदम गोळा करतो की लागेल तशी, स्वतःवर विश्वास किती, धोका पत्करायची तयारी किती, आणि तो पायरीपायरीनं शिकतो की खुडबुड करून. या पाचही बाबतींत पुरुष एका गटात आणि बायका दुसऱ्या गटात अशी सरळ वाटणी होत नाही. सरासरी थोडी सरकलेली असते आणि दोन्ही ढीग एकमेकांत भरपूर मिसळलेले असतात. पायरीपायरीनं शिकणारे पुरुष पुष्कळ असतात. ते बहुधा तसं सांगत नाहीत. म्हणून एकीसाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्यालाही मुकाट्यानं उपयोगी पडते.

उदाहरणार्थ, काही बिघडल्यावर पडद्यावर येणारा संदेश. 'काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.' कुणाचं चुकलं? स्वतःवर भरवसा असलेला माणूस म्हणतो, "फालतू अ‍ॅप आहे." भरवसा नसलेला म्हणतो, "माझ्याकडूनच काहीतरी झालं," आणि फोन खाली ठेवतो. बिघाड सर्व्हरचा असतो, खापर वापरणारीवर फुटतं, आणि पुढच्या वेळी ती त्या बटणाकडे फिरकत नाही. संदेशात 'आमचा सर्व्हर बंद आहे, तुम्ही भरलेली माहिती जपून ठेवली आहे' इतकं असलं तरी गोष्ट वेगळी होते.

आता "दे इकडे" कडे परत येऊ, कारण त्याला उपाय आहे आणि तो अवघड नाही, कंटाळवाणा आहे. आईला, बहिणीला, वडिलांनासुद्धा, काही शिकवायचं असेल तर फोन त्यांच्या हातातून घ्यायचा नाही. पडद्याला बोट लावायचं नाही, तोंडानंच सांगायचं. सुरुवात परतीच्या वाटेपासून करायची: मागे कसं जायचं, पाठवलेलं रद्द कसं करायचं, डिलीट झालेला फोटो कुठे जाऊन पडतो आणि किती दिवस राहतो. परतीची वाट माहीत असली की खुडबुड करायची भीती निम्मी होते. मग तेच काम लागोपाठ दोनदा त्यांनाच करू द्यायचं, दुसऱ्या वेळी आपण गप्प. तिसऱ्यांदा चार दिवसांनी, आपण दुसऱ्या खोलीत. बिघडतं ते इथे: शिकवणारा पाच बटणं सरसर दाबतो, शिकणारीला हात दिसतो पण 'आता हेच का दाबलं' ते दिसत नाही, आणि पुढच्या अपडेटला बटण डावीकडून उजवीकडे गेलं की सगळं शिकणं वाहून जातं. बटणाची जागा पाठ करवू नये. कशाच्या शोधात आहोत ते नाव सांगावं, म्हणजे सेटिंग्जच्या शोधपट्टीत ते टाइप करता येतं.

घरातल्या डिजिटल कामांची नावं ठेवण्यातही एक गंमत आहे. राउटर लावणं, प्रिंटर जोडणं, टीव्हीवर अ‍ॅप चढवणं ही वर्षातून चार-दोनदा होणारी कामं. यांना 'टेक्निकल' म्हणतात, आणि ती करणाऱ्याला घरात मान असतो. दुसरीकडे शाळेच्या ग्रुपवरच्या पंचवीस निरोपांतून कामाचा एक उचलणं, डॉक्टरांची वेळ नोंदवणं, वाढदिवस लक्षात ठेवणं, फोन भरला की हजार फोटोंतले आठशे निवडून काढणं, फॉर्म भरणं. हे रोजचं आहे, न संपणारं आहे, आणि बऱ्याच घरांत बाईच्या वाट्याला येतं. याला कुणी टेक्निकल म्हणत नाही. एक ऑनलाइन फॉर्म भरायला काय लागतं ते जरा पाहा: फोटो ठरावीक केबीच्या आत बसवायचा, तीन पानांची एक पीडीएफ करायची, फाइलच्या नावातली मोकळी जागा काढायची कारण तिच्यामुळे अपलोड अडतं, सेशन संपायच्या आत कोड टाकायचा, आणि पावतीचं पान बंद होण्याआधी जपून ठेवायचं. हेच काम ऑफिसात केलं तर त्याला हुद्दा मिळतो.

ही वाटणी जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टेलिफोन घरोघरी पोचत होता, तेव्हा कंपन्यांना बायकांच्या फोनवरच्या गप्पा म्हणजे यंत्राचा गैरवापर वाटायचा. फोन कामाच्या निरोपांसाठी, असा त्यांचा आग्रह. समाजशास्त्रज्ञ क्लॉड फिशर यांनी हा इतिहास तपशिलात मांडला आहे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जाहिराती हळूहळू सूर बदलू लागल्या आणि गप्पा हेच फोन घेण्याचं कारण म्हणून विकलं जाऊ लागलं. गैरवापर म्हणून हिणवलेला वापर शेवटी मुख्य वापर ठरला. आजच्या मेसेजिंगच्या जगात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग येतं शरीर. यंत्र कुणाच्या मापानं बेतलंय हा प्रश्न वरवर गौण वाटतो, पण रोज टोचतो. खिशाचंच घ्या. 'द पुडिंग' या प्रकाशनानं २०१८ मध्ये जीन्सच्या खिशांची मापं घेतली. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड निघाले. फोन वर्षागणिक मोठे, खिसे तेवढेच. म्हणून फोन पर्समध्ये. पर्समधल्या फोनची रिंग ऐकू येत नाही आणि 'ही कधी फोनच उचलत नाही' अशी ख्याती होते. पर्स टेबलावर ठेवून दिवसभर चाललेली पावलं फोन मोजत नाही आणि संध्याकाळी आळशी ठरवतो. फोन एका हातात धरून अंगठ्यानं वरचा कोपरा गाठायचा तर पंजा लहान असल्यास पकड सैल करावी लागते, आणि फोन नेमका तेव्हाच निसटतो. आयफोनमध्ये 'रीचेबिलिटी' आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 'वन-हँडेड मोड' असतो. त्यानं पडदा खाली ओढला जातो. सेटिंग्जमध्ये शोधून सुरू करावा लागतो, आणि तो आहे हेच अनेकींना माहीत नसतं.

आवाजाचंही तसंच. जुन्या टेलिफोनची वाहिनी, म्हणजे आवाजाचा जेवढा पट्टा पलीकडे पोचतो तो, ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच. 'स'सारख्या वर्णांची बरीच ऊर्जा त्याच्या वर असते, आणि स्त्रियांच्या आवाजात ती सरासरी आणखी वर सरकलेली असते. म्हणजे वाहिनी अरुंद झाली की त्यांचा 'स' जास्त कापला जातो. वाहिनी आता रुंद झाली, पण अनेक ब्लूटूथ हेडसेटमध्ये माइक सुरू झाला की आवाज पुन्हा अरुंद वाहिनीवर उतरतो. ऑनलाइन मीटिंगमध्ये "तुझा आवाज नीट येत नाहीये" असं वारंवार ऐकावं लागत असेल, तर घसा ताणण्याआधी हेडसेट ऐकण्यापुरता ठेवून माइक लॅपटॉपचा किंवा वायरचा निवडून पाहावा. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये ऑडिओ सेटिंग्जखाली माइक आणि स्पीकर वेगवेगळे निवडता येतात.

व्हीआर चष्म्याची, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणाऱ्या चष्म्याची, गोष्ट तर नमुनेदार आहे. हे चष्मे लावल्यावर बायकांना जास्त मळमळतं, असं बरीच वर्षं म्हटलं जायचं, आणि कारण त्यांच्या शरीरात शोधलं जायचं. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर पुरुषांत सरासरी ६४ मिलिमीटरच्या आसपास, स्त्रियांत ६२ च्या. २०१९ चा ऑक्युलस रिफ्ट एस हा चष्मा ६३.५ मिलिमीटरवर कायमचा बसवलेला होता. भिंगं सरकवायची सोयच नव्हती. के स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की मळमळीचं मोठं कारण भिंगांचं अंतर न जुळणं हे आहे, आणि अंतर नीट जुळलं की स्त्रियांचा त्रास पुरुषांइतकाच राहतो. दोन मिलिमीटर म्हणजे जाड पुठ्ठ्याएवढी जागा. तेवढ्यासाठी निम्म्या माणसांना नाजूक ठरवलं गेलं. अ‍ॅपलचं हेल्थ अ‍ॅप २०१४ मध्ये आलं तेव्हा त्यात शरीरात किती क्रोमियम आणि सेलेनियम गेलं ते नोंदवता येत होतं, मासिक पाळी नोंदवता येत नव्हती. ती सोय पुढच्या वर्षी आली. त्या खोलीत विचारायला कोण कोण बसलं होतं याचा अंदाज बांधता येतो.

यापुढचा फरक वेळेचा आहे. बाईच्या डिजिटल दिवसातला एक तुकडा स्वतःला झाकण्यात जातो: डीपी फक्त ओळखीच्यांना दिसेल असा ठेवणं, अनोळखी निरोपांची छाननी, अंधार पडल्यावर लोकेशन पाठवणं आणि पोचल्यावर आठवणीनं बंद करणं, कुठे पूर्ण नाव द्यायचं आणि कुठे आद्याक्षर याचा हिशेब. ही कामं मोजायची वेळ आली तर पुष्कळ पुरुषांची यादी दोन ओळींत संपेल. तो त्यांचा दोष नाही, पण अ‍ॅप बनवणारे बहुधा त्या दोन ओळींचेच असतात, म्हणून लोकेशन शेअर करताना 'बंद करेपर्यंत' हा पर्याय 'एक तास'च्या शेजारी इतक्या सहज बसलेला असतो.

पाळत ठेवायला बहुतेक वेळा चोरटं सॉफ्टवेअर लागतच नाही. सेटअप करून देणाऱ्याला पासवर्ड माहीत असतो, तेवढं पुरतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून पाहावं: मुख्य फोनखेरीज चार उपकरणं जोडता येतात, आणि एकदा लॅपटॉपवर जोडलेलं खाते मुख्य फोन वापरात असेपर्यंत चालू राहतं. ओळखीचं नाही ते लॉग आउट करावं आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे दुहेरी पडताळणीचा, सहा आकडी पिन आपणच ठरवावा. गूगल खात्यात सिक्युरिटीखाली 'युवर डिव्हायसेस' असतं, गूगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंगची यादी असते. आयफोनमध्ये २०२२ पासून, म्हणजे आयओएस १६ पासून, 'सेफ्टी चेक' आहे. कुणाकुणाला काय दिसतंय ते एकेक करून दाखवतं आणि हवं तर सगळं एका झटक्यात तोडतं. हा झटका मात्र जपून. समोरच्याकडून इजा होण्याची भीती असेल, तर अचानक तुटलेली जोडणी त्याला लगेच कळते आणि राग तिथेच निघू शकतो. अशा वेळी आधी दुसऱ्या, विश्वासातल्या उपकरणावरून मदत गाठावी, सुटकेचा बेत ठरवावा, आणि मगच सेटिंग्जना हात लावावा.

काहीही बिनसलेलं नसलं तरी हा प्रश्न एक दिवस येतोच. घराचा 'अ‍ॅडमिन', म्हणजे सगळी खाती सांभाळणारा, अचानक वारला की मागे राहिलेलीला बिलांची खाती, फोटो, राउटरचा पासवर्ड, सगळ्याच दारांना कुलूप दिसतं. गूगलच्या 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं निपचित राहिलं तर काय करायचं ते ठरवता येतं आणि दहा जणांपर्यंत नावं देता येतात. अ‍ॅपलमध्ये डिसेंबर २०२१ पासून 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे. त्याला एक अ‍ॅक्सेस की मिळते, पुढे मृत्यूचा दाखला लागतो, आणि तरीही कीचेनमधले, म्हणजे अ‍ॅपलच्या पासवर्डच्या तिजोरीतले, पासवर्ड त्याला मिळत नाहीत, ते वेगळे लिहून ठेवावे लागतात. उलटंही होतं. घरातली बाई आठवडाभर आजारी पडली की मुलांच्या शाळेचा ग्रुप कुठला, डॉक्टरांचं अ‍ॅप कुठलं, लॉगिन कशानं होतं हे नवऱ्याला सापडत नाही. फरक एवढाच की त्याला "तुम्हाला टेक्निकल कळत नाही" असं कुणी म्हणत नाही.

तर ती रिकव्हरी नंबरची चौकट. दुरुस्त करायची असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी गूगल खात्यात स्वतःच्या फोनवरून लॉगिन होतंय याची खात्री करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून बॅकअप कोड काढा; दहा मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो, ते कागदावर लिहा, फोनमध्ये नको. मग रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल दोन्ही बदला, कारण ईमेल विसरला की दुसरं दार तसंच उघडं राहतं. त्यानंतर नको ती उपकरणं साइन आउट करा आणि शेवटी पासवर्ड. आधी पासवर्ड बदलायला गेलात तर पडताळणीचा कोड जुन्याच नंबरवर जाऊ शकतो आणि गोष्ट तिथेच अडते. आणि सगळं नीट झालं तरी आठवडाभर थोडा धीर धरा: नंबर बदलल्यावरही सात दिवसांपर्यंत गूगल पडताळणीचा कोड जुन्या नंबरवर पाठवायचा पर्याय देऊ शकतं.